पडावं तर हद्दीत

करी रोडच्या आमच्या इमारतीत कुणी पडलं, की दत्ताराम गावडे सगळ्यांत आधी पोचतात. पण लागलं का, असं ते विचारत नाहीत. ते विचारतात, "कुठे?"

हा प्रश्न अवयवाबद्दल नसतो. मागच्या दिवाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या प्रभुदेसाई वहिनी एका स्कूटरचा धक्का लागून गेटाशी पडल्या. काका धावले.

"कुठे?"

"कोपर," वहिनी कण्हत म्हणाल्या.

"कोपर राहू दे. गेटाच्या आत की बाहेर?"

बाहेर, असं ठरल्यावर काकांनी खिशातला खडू काढून वहिनींभोवती रेघ मारली आणि मगच त्यांना हात देऊन उठवलं. तोवर वहिनींचे यजमान वर जाऊन बर्फ घेऊन आले होते. स्कूटरवाला पळून जायचं विसरून रेघेकडे बघत उभा होता.

गावडेकाका एका विमा कंपनीच्या दावे विभागातून निवृत्त झाले. अपघातात जखमी झालेल्यांनी भरपाई मागितली, की कंपनीतर्फे हरकत घेणं हे त्यांचं काम. त्यातली त्यांची लाडकी हरकत म्हणजे, "हे कोर्टच नव्हे," म्हणजे दावा या कोर्टाच्या हद्दीत येतच नाही. निवृत्तीनंतर ते बाजू बदलून जखमींकडे आले. काकू गेल्यानंतर तर पूर्ण वेळ. फी घेत नाहीत, सल्लाही मागावा लागत नाही.

त्यांच्यासोबत लालबागपर्यंत चालणं हा एक अनुभव असतो. मध्येच हात आडवा घालून ते थांबवतात. "इथून पुढे दुसरं पोलीस ठाणं. सांभाळून. दोन ठाण्यांच्या मधोमध कधी पडू नये. दोघंही म्हणतात, पलीकडे जा." कुणी गावाला निघालं, की इतर लोक 'पोचल्यावर फोन कर' म्हणतात. काका जिन्यातून ओरडतात, "पडायचंच असेल तर हद्दीत पडा रे!"

या विक्षिप्तपणात तथ्य होतं, हे सातव्या मजल्यावरच्या ओंकार सावंतच्या वेळी इमारतीला पटलं. खोपोलीजवळ एका टेम्पोने त्याच्या मोटरसायकलला उडवलं. पाय मोडला. परळच्या इस्पितळात त्याच्या खाटेशी खोपोलीकडचा एक वकील कागद घेऊन हजर झाला. त्याचं म्हणणं, अपघात आमच्याकडचा, तर दावाही आमच्याकडच्या कोर्टात लावू, तिथे गर्दी कमी, निकाल लवकर. ओंकारने पेन हातात घेतलं होतं, तेवढ्यात काका पोचले.

"ठेव ते खाली," काका म्हणाले. "दावा लावायला तीन जागा असतात. अपघात झाला ती, समोरची पार्टी राहते ती आणि तू राहतोस ती. निवड तुझी. आता मला सांग, हाड कुठे जोडलं?"

"इथेच. परळला."

"मग साक्षीला डॉक्टर कुठला? परळचा. तो सगळी ऑपरेशनं सोडून तिकडच्या कोर्टात येईल तुझ्यासाठी? आणि तुला कुबड्यांसकट एसटीत कोण चढवणार?"

"माझी बायको."

"बघितलीस तिला? पिशवी उचलताना धापा टाकते ती. बाबा रे, घराजवळचं कोर्ट हे दुसरं प्लास्टर. पहिलं पायाला, दुसरं हे."

"पण इथे उशीर होईल ना, काका?"

"होईल. पण उशिरापर्यंत टिकशील."

ओंकारने मुंबईत दावा लावला. उशीर झालाच. पण डॉक्टर टॅक्सीने येऊन साक्ष देऊन गेले आणि ओंकार एकाही तारखेला गैरहजर राहिला नाही. निकालानंतर त्याने प्रत्येक मजल्यावर पेढे वाटले. काकांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "कुठले?"

अशा माणसाचा स्वतःचा दावा ओरोसच्या कोर्टात चालू होता, याचं इमारतीला कोडं होतं.

काका जत्रेला गावी गेले असताना कसाल तिठ्यावर एका जीपने त्यांना धडक दिली. गुडघ्याची वाटी फुटली. शस्त्रक्रिया परळला. डॉक्टर परळचा. राहणं करी रोडला. आणि दावा पार सिंधुदुर्गात. प्रत्येक तारखेला हा माणूस त्या गुडघ्यानिशी रात्रभराचा प्रवास करत होता. का, असं विचारलं की दर वेळी उत्तर नवं. ओंकारला सांगितलं, तिकडची हवा गुडघ्याला मानवते. वहिनींना सांगितलं, तिकडचे न्यायाधीश सावकाश ऐकतात. मला सांगितलं, "तुला कायद्यातलं कळत नाही."

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या वकीलबाईंचा फोन मला आला. कंपनी तडजोडीला तयार आहे, रक्कमही चांगली आहे, लोकअदालतीत एका सहीत प्रकरण संपेल, पण काका या तारखेला येतच नाही म्हणतात. तुम्ही शेजारी, तुम्ही आणा. मी बॅग उचलली आणि काकांना घेऊन निघालो. येत नाही म्हणणाऱ्या काकांनी नवा शर्ट मात्र घातला होता.

कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकाच्या एका टोकाला एक उंच, पिकल्या केसांची बाई स्टीलचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. काका दुसऱ्या टोकाला बसले. वकीलबाई मध्ये बसल्या, सवयीने.

"वकीलबाई," ती बाई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "तेंका सांगा, कढी थंड होता हा."

"वकीलबाई," काका दुसऱ्या भिंतीकडे बघत म्हणाले, "त्यांना सांगा, मागच्या तारखेला मीठ जास्त होतं."

वकीलबाईंनी काही सांगितलं नाही. डबा फक्त इकडून तिकडे दिला. मग मला बाजूला नेऊन म्हणाल्या, "या आक्का. काकांच्या थोरल्या बहीण. कसालला राहतात. दर तारखेला त्यांचं इथल्या कचेरीत नेमकं काहीतरी काम निघतं."

भांडणाचं मूळ त्यांनीच सांगितलं. आक्कांच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका मामाला मोबाइलवर आली. घरी येऊन कुणी अक्षता दिल्या नाहीत. मामा लग्नाला गेले नाहीत. मुंडावळ्या बांधलेला नवरा बराच वेळ दाराकडे बघत होता म्हणे. तेव्हापासून बोलावल्याशिवाय भाऊ बहिणीच्या घरी जायचा नाही आणि लग्नाला न आलेल्या भावाला बहीण बोलवायची नाही. अपघातानंतर, मुंबईला हलवण्याआधी, तिकडच्या इस्पितळातही आक्का पेज घेऊन आल्या, त्या नर्सशी बोलून गेल्या.

कोर्टाचा व्हरांडा मात्र दोघांपैकी कुणाच्याच घरचा नव्हता.

आता सगळा उलगडा झाला. न येणारा डॉक्टर, लांबचा प्रवास, पुढे जाणाऱ्या तारखा. जगाला टाळायला सांगितलेली प्रत्येक अडचण काकांनी स्वतःच्या खटल्यात हौसेने जमवली होती. आणि आज कंपनी ती सगळी एका सहीत संपवायला निघाली होती.

पुकारा झाला. काका उभे राहिले आणि म्हणाले, "माझे डॉक्टर मुंबईचे आहेत. त्यांची साक्ष व्हायला हवी. तारीख मिळावी."

कंपनीचा वकील हसला. "अहो काका, आम्ही सगळं मान्य केलंय. साक्ष कशाला?"

"तुम्ही मान्य कराल हो. माझी हरकत आहे."

समोरच्या न्यायाधीश बाईसाहेबांनी चष्मा काढला. "आजोबा, तुमच्याच बाजूने चाललंय सगळं. बाहेर जाऊन पाणी प्या, विचार करा आणि मग या."

काका व्हरांड्यात येऊन बाकावर बसले. आक्कांनी सगळं दारातून ऐकलं होतं.

"वकीलबाई, ते सही कित्याक करनत नाय, ता इचारा."

"त्यांना सांगा," काका म्हणाले. "सही केली की संपलं. मग पुढच्या वेळी कुठे?"

या वेळी 'कुठे' विचारताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

आक्का उठल्या. वकीलबाईंना ओलांडून भावासमोर येऊन उभ्या राहिल्या. कनवटीची कागदाची पुडी सोडून त्यांनी त्याच्या तळहातावर अक्षता ठेवल्या. तांदूळ जुने होते. कुंकू उडून ते जवळजवळ पांढरे झाले होते. पुडीच्या घड्या विरल्या होत्या. किती तारखा ती या कमरेला येत-जात होती कोण जाणे.

"मोबायलवर पत्रिका धाडलंय, माझा चुकला. तू इलंस नाय, तुझा चुकला. आता रविवारी नातवाचा बारसा हा. कोर्टाच्या आवारात उभी रवान सांगतंय. येतलंस काय नाय?"

"कुठे?" काकांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"खंय म्हणजे? घराक, मेल्या!"

काकांनी मूठ मिटली. सही उजव्या हाताने करायची होती. त्या मुठीतलं कुठे खाली ठेवायला ते तयार होईनात, म्हणून अक्षता वकीलबाईंना ओंजळीत धराव्या लागल्या. निकाल तिथल्या तिथे झाला. रक्कम ऐकायला काका थांबले नाहीत.

रिक्षा कसालला आक्कांच्या अंगणाशी थांबली. भाचा बाळाला घेऊन पडवीत उभा होता. मामाला बघून त्याने बाळाचं तोंड इकडे वळवलं. ते बघत काका घाईघाईने पुढे झाले, उंबऱ्याला पाय अडखळला आणि ते थेट माजघराच्या तोंडाशी आडवे झाले.

"दत्तू! लागला काय रे?" आक्का ओरडल्या.

काका उठले नाहीत. आधी त्यांनी मान वळवून उंबरा कुठे राहिला ते नीट पाहिलं.

"नाय गो," ते म्हणाले. "हद्दीत पडलंय."