अकरा वाजताची चोरी

नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या गल्लीत पंधरा दिवसांत दोन बायकांच्या गळ्यातलं सोनं ओढलं गेलं, तेव्हा दीप्तीने आईला सांगून टाकलं की एक तर पोत घरी ठेवायची, नाहीतर धरमपेठेतल्या हार्मोनियमच्या क्लासला एकटीने जायचं नाही. मावसभाऊ दुर्गेश गाडीवर नेऊन सोडेल.

गोपिकाबाईंनी दोन्ही गोष्टी फेटाळल्या. दोन तोळ्यांची पोत एकतीस वर्षांत गळ्यातून उतरली नव्हती. आणि दुर्गेश सकाळी येतो म्हणाला की दुपारी उगवायचा. त्याच्या भरवशावर राहिलं तर पहिला राग शिकेपर्यंत सत्तरी आली असती. सत्तावन्नाव्या वर्षी हट्टाने सुरू केलेला क्लास त्या सोडणार नव्हत्या.

"माही परीक्षा घे," त्या म्हणाल्या. "पास झाली तर एकटी जाईन."

दीप्ती भौतिकशास्त्रात एमएस्सी. तिने परीक्षा नीट आखली. नियम तीन: चोराने वस्तू ओढली तर झटापट न करता सोडून द्यायची, गाडीचा नंबर पाहायचा, आणि जवळच्या दुकानात शिरायचं. इतवारीच्या बाजारातून खोटी पोत आणून तिने ती साध्या शिवणदोऱ्यात ओवली, म्हणजे मान कापणार नाही. चोर दुर्गेश, वेळ शनिवारी सकाळी अकराची. आईने ओळखू नये म्हणून गाडी मित्राची आणि तोंडाला दुपट्टा. मे महिन्यात नागपुरात गाडीवरचा प्रत्येक जण तोंड गुंडाळूनच फिरतो, त्यामुळे यात काही वावगं दिसणार नव्हतं. चोर कोण असणार, हे गोपिकाबाईंनी अर्ध्या मिनिटात ओळखलं. खोटी पोत त्यांनी वरून घातली, खरी मात्र काढली नाही. ब्लाउजच्या आत सरकवली.

शनिवारी अकराला दोन मिनिटं कमी असताना काळी मोटरसायकल गल्लीत शिरली. गच्चीवर स्टॉपवॉच घेऊन उभ्या असलेल्या दीप्तीने वहीत लिहिलं, 'दुर्गेशदादा वेळेवर. अपवाद.'

त्याने गोपिकाबाईंजवळ गाडी थांबवली आणि चिठ्ठीवरचा पत्ता विचारला.

"पत्ता राहू दे गा," त्या म्हणाल्या. "पोत ओढ."

माणूस जागचा हलला नाही.

"काहून थांबला? दीप्ती वरून टाइम लावून राहिली."

त्याने वर पाहिलं. गच्चीतली मुलगी त्याला 'चालू कर' अशी खूण करत होती. घाबरून त्याने हात घातला, तर हातात पदरच आला. गोपिकाबाईंनी पदर बाजूला करून दिला. दोरा तुटला. घाईत त्याची गाडी बंद पडली, तेवढ्या वेळात त्यांनी मागे जाऊन चिखल फासलेली नंबरप्लेट पदराने पुसली, नंबर मोठ्याने दोनदा वाचला आणि त्याला जायला सांगितलं. तो असा सुटला की कोपऱ्यावर घसरता घसरता राहिला. त्या शांतपणे किराणा दुकानात जाऊन उभ्या राहिल्या.

दीप्तीने पंच्याण्णव गुण दिले. पाच चोराला मदत केल्याबद्दल कापले.

पास झालेल्या गोपिकाबाईंनी खरी पोत दिमाखात बाहेर काढली आणि स्वरांची वही घेऊन क्लासला निघाल्या. अकरा वीसला, कोपऱ्यावर, तोंड गुंडाळलेल्या एका माणसाने मागून गाडीवर येऊन पोतीत बोट अडकवलं.

तिन्ही नियम त्यांच्या डोक्यातून उडाले. त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांनी धरून पिरगाळला, गाडीसकट त्याला खाली आणलं आणि वहीने बडवायला सुरुवात केली. तो "मावशी, मावशी" म्हणून ओरडत होता. पण रस्त्यावरचा कोणीही अनोळखी माणूस त्यांना मावशीच म्हणायचा. चोर काय वेगळं म्हणणार?

धावत आलेल्या दीप्तीने दुपट्टा ओढला. खाली दुर्गेश होता.

गोपिकाबाई दुकानाच्या पायरीवर बसल्या.

"मंग पहिला कोण होता वं?"

पोलीस चौकीत हवालदाराने नंबर लिहून घेतला. इतका पक्का नंबर आजवर कोणी दिला नव्हता, असं तो म्हणाला. तो कसा मिळवला, हे दीप्तीने त्याला सांगितलं नाही.

परत येताना गोपिकाबाईंचं म्हणणं पडलं की परीक्षा चोरासोबत होती, चोर खरा निघाला, म्हणजे पास तर पास.

"आई, त्याच्यासमोर तू शांत होती, कारण तुले वाटलं दुर्गेशदादा आहे आणि पोत खोटी आहे," दीप्ती म्हणाली. "त्यानं खरी ओढली असती तर तू त्याले पण असंच धरलं असतं. त्याच्याजवळ चाकू असता तर?"

घराच्या दारातच थांबून गोपिकाबाईंनी पोत काढली, एकदा मुठीत धरली आणि दीप्तीच्या हातात दिली.

"कपाटात ठेव. इतवारीतून अजून एक खोटी आण. दोरा असाच कच्चा घे." चप्पल न काढताच त्या वळल्या. "क्लासले मात्र मी एकटीच जाईन."

त्या दिवशी तेवढं जमलं नाही. दुर्गेशचं मनगट सुजलं होतं, गाडी चालवणं शक्य नव्हतं, आणि त्याचं घर धरमपेठेच्या वाटेवरच होतं. गोपिकाबाईंनी त्याला ऑटोत आतल्या बाजूला बसवलं आणि स्वतः कडेला बसल्या. सिग्नलला ऑटो थांबला, शेजारी तोंड गुंडाळलेले दोघे येऊन उभे राहिले, तशा त्या भाच्याच्या गळ्यातल्या सोन्याच्या गोफाकडे पाहून हळूच म्हणाल्या, "गोफ शर्टाच्या आत टाक, दुर्गेश. आणि कोणी ओढलाच, तर देऊन टाकजो."