शेकोटीसाठी मंजूर झालेलं भूत

तरुण पिढी शेकोटीभोवती घडते. असं ठामपणे सांगणारी मंडळी स्वतः धूर येणार नाही अशा बाजूला, खुर्चीत बसतात. आमच्या युवक मंडळाची पालक समिती अशाच अनुभवी लोकांची आहे.

यंदा प्रसंग गंभीर होता. मागच्या शिबिरात शेकोटीपुढे मुलांनी सर्रास जांभया दिल्या. (एकाने तर अध्यक्षांच्या भाषणात. अध्यक्ष दंतवैद्य असल्यामुळे त्यांनी भाषण थांबवून त्याची किडकी दाढ सर्वांना दाखवली.) यंदाही मुलं पेंगली तर शेकोटी कायमची बंद आणि त्या जागी बचतीवर व्याख्यान, असं ठरलं. शेकोटी घेणाऱ्या ताईने मग शेवटचा उपाय काढला. भुताची गोष्ट.

समितीने भुताला तत्त्वतः मान्यता दिली. फक्त किरकोळ दुरुस्त्या सुचवल्या.

भुताला मुंडकं नव्हतं. मुलांपुढे बिनडोक आदर्श नको, म्हणून ते बसवण्यात आलं. मुंडकं आलं तसा चष्मा आला. थंडीत हिंडतं, म्हणून स्वेटर. रक्ताऐवजी कोमट पाणी. किंचाळणं रद्द, हळू आवाजात बोलणं मंजूर.

"अहो काका, मग ते करतं तरी काय?" ताईने विचारलं.

"चौकशी करतं," अध्यक्ष म्हणाले. "आपुलकीने."

"मेले मी," ताई म्हणाली. (हे अनुमोदन धरण्यात आलं.)

शेकोटी पेटली. मुलं वेळेवर पेंगू लागली. ताईने पडेल आवाजात सुरुवात केली.

"दार वाजत नाही. नुसतं उघडतं. दारात चष्मा आणि स्वेटर. ते म्हणतं, 'काही नाही रे, सहज आलो. अभ्यास कसा चाललाय?'"

पुढच्या रांगेतला एक पेंगणारा ताठ झाला.

"'मी रागावलो नाहीये. फक्त वाईट वाटलं.'"

"ताई, बास ना!"

"'तुझ्या मित्राला किती पडले?'"

एकच किंकाळी उठली. रोज व्यायामशाळेत जाणारा दांडगा गडी ताईच्या शालीत शिरला आणि आतूनच म्हणाला, "कडी लावली तर जातं का गं ते?"

"नाही. ते बाहेरून विचारतं, कडी का लावलीस?"

त्यानंतर कुणीही जांभई दिली नाही. काहींचा तर सकाळपर्यंत डोळा लागला नाही.

शेकोटी वाचली. इतक्या सज्जन भुतात घाबरण्यासारखं काय आहे, हे मात्र समितीला अजून कळलेलं नाही. त्यासाठी उपसमिती नेमली आहे.

शंका असल्यास वाचकांनी घरी प्रयोग करून पाहावा. मुलांच्या खोलीचं दार हळूच उघडायचं आणि म्हणायचं, "काही नाही, सहज आलो." वेगळी तयारी लागत नाही. चष्मा तर हे वाचताना तुमच्या नाकावर आहेच.