मनसुखकाकांचं निरोपाचं वाक्य

सकाळी सातला बेल वाजली की आई पोळपाटावरूनच म्हणायची, "बघ, वाक्य आलं." दारात मनसुखकाका, हातात चिठ्ठी. "वहिनी, हे जरा रागावून म्हणा ना." आई चिठ्ठीतलं वाक्य रागावून म्हणायची. काका मान हलवायचे. "नाही. खरं रागावून." तेवढ्यात दूध उतू जायचं आणि आईला खरा राग यायचा. काका तो शब्दशः लिहून घ्यायचे.

नेरूळच्या आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एकटे राहणारे हे नाटककार. वडील गुजराती, आई कारवारची कोकणी, जन्म आफ्रिकेतल्या दार-ए-सलामचा. आठव्या वर्षी बोटीने हुबळीच्या बोर्डिंगात रवानगी, पुढे पुण्यात कॉलेज. पायऱ्या स्वाहिलीत मोजायचे, पाढे कानडीत म्हणायचे, रिक्षावाल्याशी गुजरातीत भांडायचे. नाटकं मात्र मराठीतच. "पण माझी मराठी ऐकीव," म्हणायचे. "तपासून घ्यावी लागते."

गणपतीत त्यांची एकांकिका ठरलेली. त्या वर्षी सेक्रेटरी पाटील, मूळचे इथल्याच गावचे, मीटिंगमध्ये म्हणाले, "भाई, मागल्या टायमाला चार भाषा घुसवल्या. लोकं हसली नाय, रडली नाय, झोपली. यंदा एक शब्द बाहेरचा आला, तर पुढच्या वर्षी ऑर्केस्ट्रा."

काका हसले. पण ते वाक्य चिठ्ठीवर लिहून घेतलं.

आणि अशा नाटकात आईचं काम त्यांनी मला दिलं. मी वीस वर्षांची. माझा मुलगा झालेले जोशी पस्तिशीचे, मिशीवाले.

"काका, मी इंग्लिश मीडियमची. मला चारचौघांत नाव सांगतानाही घाम फुटतो."

"तू तोलून बोलतेस. मीपण. लोकांना वाटतं, आपण शांत आहोत."

नाटकाच्या शेवटी मुलगा परदेशी निघतो, आई निरोप देते. ते एक वाक्य काकांना सापडेना. "सांभाळून राहा" खोडलं, "पत्र टाक" खोडलं. प्रयोगाच्या दुपारी आणखी एक चिठ्ठी आली. त्यातलं नवं वाक्य मी संध्याकाळपर्यंत घोकलं.

आणि स्टेजवर नेमकं तेच मी विसरले. जोशी बॅग घेऊन उभे. मी विंगेत पाहिलं. प्रॉम्प्टिंगला काकाच. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. पहिल्या रांगेत पाटील. मग काकांच्या तोंडून निघालं, "बेगीन यो रे, पुता."

कोकणी! पण मला दुसरं काही सुचेना. मी तेच मोठ्याने म्हटलं. लवकर ये रे, बाळा, एवढं सगळ्यांना कळलं असावं. पण पाटील उठून उभे राहिलेले मला स्पष्ट दिसले. पडदा पडला.

"सॉरी काका. माझ्यामुळे आता ऑर्केस्ट्रा."

"येऊ दे." ते विंगेतल्या स्टुलावर बसले. "बोट सुटताना आई धक्क्यावरून काहीतरी ओरडली होती. पुढे भेट झाली नाही. भोंग्यात मला ऐकूच आलं नाही, असं मी आयुष्यभर सांगत आलो." त्यांनी हातातली वही मिटली. "ऐकू आलं होतं ग."

बाहेर पाटील माइकवरून सगळ्यांना आरतीला बोलावत होते.

"पुन्हा एकदा म्हणशील? हळू म्हटलंस तरी चालेल."

मी त्यांच्याजवळ वाकले आणि म्हटलं.