उंबऱ्याबाहेरची बादली

"साथ साऱ्या सोलापुरात फिरू द्या, माझा उंबरा न्हाय ओलांडायची!" असं जोतीरामनं भवानी पेठेत चारचौघांत छाती ठोकून सांगितलं.

त्या वर्षी कॉलऱ्यानं गाव हैराण केलं होतं. जोतीरामची आई गोजरबाई दवाखान्यात होती. ती सावरत होती, पण घरात त्याची दोन महिन्यांची पोर, म्हणून याच्या जिवाला घोर. नर्सबाईनं बजावलं होतं, "भेटून गेलात की साबणानं हात धुवा, मगच बाळाला घ्या." ऐकतो कोण? लोक पेशंटचं अंग चेपायचे आणि त्याच हातानं भाकरी मोडून खायचे. ते बघून जोतीरामचं डोकं फिरायचं.

त्यानं दाराबाहेर पाण्याची बादली मांडली, साबण ठेवला. वर कडुलिंबाचा पाला ठेवला, तो मात्र स्वतःच्या अकलेनं.

संध्याकाळी दोघं भाऊ दवाखान्यातून आले. धाकटा महिपती थेट आत निघाला.

"थांब. हात धू. पायबी धू."

"आईला मी पायानं भेटलो व्हय?"

"धू म्हणतो की!"

महिपतीनं तोंड पाडून हातपाय धुतले, मागोमाग जोतीरामनंही. समोरच्या कमलम्मानं हे पाहिलं. दोघं भाऊ, उतरलेली तोंडं, उंबऱ्याबाहेर हातपाय धुतायत, शेजारी लिंबाचा पाला! मसणातून आल्यावर माणसं दुसरं काय करतात? तिनं पदर तोंडाला लावला.

तासाभरात ती पिठलं-भाताचं पातेलं घेऊन आली. आई दवाखान्यात म्हणून शेजार धावला, असं जोतीरामला वाटलं. "लई उपकार झाले," म्हणत त्यानं बाहीनं डोळे पुसले. कमलम्माची उरलीसुरली शंका तिथंच मिटली. गल्लीतला एकजण गाडीनं केमला, गोजरबाईच्या माहेरगावी, निघाला होता, त्याच्याबरोबर तिनं गोजरबाई गेल्याचा निरोपही धाडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी केमचे रामहरीमामा गोतावळा घेऊन गल्लीच्या तोंडापासून हंबरडा फोडत आले. "माझी भन गेली रं!"

दवाखान्यातनं निरोप आधी मामालाच मिळाला, असं समजून जोतीरामही भिंतीला टेकून रडू लागला. "मामा, कवा गेली?"

"मला काय इचारतोस? अग्नी तूच दिलास न्हवं?"

एवढ्यात दारात टांगा थांबला. डॉक्टरांनी सोडलं म्हणून महिपती आईला घेऊन आला होता. दारातली रडारड बघून गोजरबाईला पोरीचीच शंका आली. "माझी नात!" म्हणत ती धडपडत आत शिरली, पोरीला उचललं आणि मुके घेत सुटली.

"आई, हात!" जोतीराम बादली घेऊन मागं धावला.

तोवर मामांनी कमलम्माच्या निरोपातली बादली, पाला, हातपाय धुणं, सगळं सांगून टाकलं होतं. गोजरबाईनं वळून लेकाकडं पाहिलं.

"माझ्या नावानं काल धुतलेत की! जित्या माणसासाठी पुन्यांदा कशाला?"

पोर या मांडीवरनं त्या मांडीवर फिरू लागली. बादलीकडं कुणी फिरकेना. शेवटी जोतीरामनं साबण उचलला, पोरीला मोरीवर नेलं आणि तिलाच धुऊन काढलं.