पाणीसाहेब व्हॉल्व्ह बदलतात

"व्हॉल्व्ह म्हणजे व्हॉल्व्ह," पाणीसाहेब म्हणाले. "त्यातून पाणी जावो नाहीतर हवा. तीस वर्षं अख्ख्या शहराला पाणी सोडतोय मी. हा मुठीएवढा व्हॉल्व्ह बदलायला मला गॅरेजवाला लागणार असेल, तर मी नोकरी सोडून घरी बसतो."

"बसा की," बायको म्हणाली. "नाहीतरी तिथे बसूनच असता."

हे तिने उगाच म्हटलं नव्हतं. तीस वर्षांत साहेबांनी एकही व्हॉल्व्ह स्वतःच्या हाताने फिरवलेला नव्हता. फिटर फिरवायचा आणि साहेब वहीत वेळ लिहून खाली सही ठोकायचे. ती सही इतकी दणदणीत असायची की शहराला पाणी आपल्या सहीमुळेच येतं, अशी त्यांची हळूहळू खात्री पटत गेली. पाणीसाहेब हे नाव लोकांनी थट्टेने पाडलं होतं. साहेबांनी ते पदवीसारखं घेतलं.

आता गाडीचं सांगतो. साहेबांची गाडी जुन्या बाजारातली, पण टर्बो. मागे तशी अक्षरं होती, आणि पाहुणा निघाला की साहेब त्याला मुद्दाम गाडीच्या मागून वळसा घालून फाटकापर्यंत पोचवायचे. टर्बो म्हणजे काय असं कोणी विचारलंच, तर साहेब डोळे बारीक करून "प्रेशर" एवढंच सांगायचे. विचारणारा गप्प बसायचा, कारण पुढचं साहेबांनाही येत नव्हतं.

या प्रेशरवाल्या गाडीला एक खोड होती. थांबली की बंद पडायची. पळताना झकास, पण सिग्नलला उभी केली की दोनदा थरथरायची आणि मान टाकायची. साहेबांनी त्यावर तोडगा काढला होता. एकाच पायाने ब्रेकही दाबायचा आणि अ‍ॅक्सिलरेटरही. त्यामुळे त्यांचा बूट एका बाजूने झिजला होता, आणि या झिजण्याला ते कौशल्य म्हणायचे.

हे कौशल्य त्यांच्या लेकीकडे नव्हतं. ती नुकतीच जनावरांची डॉक्टर झाली होती आणि फिरत्या दवाखान्यावर तिची नेमणूकही झाली होती. अट एकच. पंधरा तारखेच्या आत गाडी चालवण्याचं लायसन्स आणून दाखवायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. टेस्टला घरचीच गाडी न्यावी लागे. पोरगी दोनदा गेली, दोन्ही वेळा पांढऱ्या रेषेवर गाडी थांबवली आणि दोन्ही वेळा गाडी तिथेच बंद पडली. इन्स्पेक्टरने दोन्ही वेळा एकच शेरा मारला: क्लचवर ताबा नाही.

मग काय, साहेबांना विषय मिळाला. जेवायला बसलं की क्लच. चहा घेताना क्लच. "क्लच हा मनावर असतो, पायावर नाही," असं ते म्हणायचे आणि पोरगी मान खाली घालून ऐकायची. तिला खरंच वाटायला लागलं होतं की आपल्या पायातच काहीतरी खोट आहे.

आणि खरी गोम इथेच होती. दुसऱ्या टेस्टच्या चार दिवस आधी साहेबांच्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, ती गाडी एक फेरी चालवून पाहिली होती. त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. उतरल्यावर त्याने साहेबांना बाजूला घेतलं.

"भाऊजी, पोरीचा पाय एकदम बरोबर आहे. आयडलचा व्हॉल्व्ह गेलाय. आपण पाय काढला की इंजिनाला घोटभर हवा लागते, ती तो व्हॉल्व्ह देतो. हा देतच नाही. कोणीही चालवली तरी बंदच पडणार. उद्या पाठवा, तासाभरात बदलून देतो."

आता साहेबांनी घरी येऊन हे सांगायला काही हरकत होती का? नव्हती. पण तोवर त्यांची क्लचवर अकरा व्याख्यानं झाली होती. ती परत कशी घ्यायची? साहेब "बघतो" म्हणाले आणि बघितलं नाही. पोरगी दुसऱ्यांदा नापास होऊन घरी आली, आणि साहेबांनी बारावं व्याख्यान दिलं.

आता तिसरी टेस्ट सोमवारी सकाळी दहाला होती. यानंतरची तारीख पंधराच्या पुढची. साहेबांचं मन त्यांना आतून खायला लागलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. पण मेहुण्याकडे गाडी नेली की तो पोरीसमोर सगळं बोलून मोकळा होणार. म्हणून साहेब गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातून गुपचूप नवा व्हॉल्व्ह घेऊन आले आणि "परवापासून गाडी जरा कुरकुर करतेय" असं घरात जाहीर करून शनिवारी सकाळी बाह्या सरसावल्या.

व्हॉल्व्ह इंजिनाच्या मागच्या सांदीत होता, दोन रबरी पाइपांच्या मध्ये. त्याच्या अंगावर एक बाण होता. हवा कुठून कुठे जाते ते दाखवणारा.

"काढण्याआधी पुरावा," साहेब म्हणाले. आत डोकं जाईना, म्हणून त्यांनी मोबाइल व्हॉल्व्हच्या खाली सरकवला, पडदा वरच्या बाजूला, आणि सेल्फीच्या कॅमेऱ्याने फोटो काढला. फोटोत काजळी धरलेला व्हॉल्व्ह आला, बाण आला, आणि वर साहेबांचा चष्मा, नाकपुड्या आणि दोन पेनं लावलेला खिसाही आला.

"बाण कुठे आहे?" फोटो बायकोपुढे धरून त्यांनी विचारलं.

"डावीकडे."

"लिही. आणि खाली सही कर."

"व्हॉल्व्हसाठी सही?"

"उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची, ते कागदावर असावं." बायकोने सही केली आणि कणीक मळायला आत गेली.

जुना व्हॉल्व्ह तासाभरात निघाला. नवा बसवताना बाण डावीकडे ठेवला, तर त्याचा वायरचा प्लग पोचेना. साहेबांनी वायर ताणली. मग त्यांना रबरी पाइप नुसतेच सरकवून वर क्लिप आवळणं फार उघडंवाघडं वाटलं. त्यांच्या खात्यात असं काम चालत नसे. त्यांनी घरातून नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप आणली आणि दोन्ही जोडांवर दहा दहा वेढे दिले.

"आता थेंब गळणार नाही," ते म्हणाले. हवेचा थेंब कसा असतो, हे त्यांनी सांगितलं नाही.

किल्ली फिरवली आणि इंजिनाने जी आरोळी ठोकली, ती तीन घरांपलीकडे ऐकू गेली. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा तीन हजारांवर. पायाने कशालाही स्पर्श नाही.

"बाबा, हे जास्त होतंय का?" पोरगी खिडकीतून म्हणाली.

"नवीन आहे. जोशात आहे. एक चक्कर मारली की बसेल जागेवर."

साहेब एकटेच निघाले. गाडी आपणहून पळत होती, साहेबांना फक्त अडवायची होती. कोपऱ्यावर एक म्हातारी पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होती. साहेब सभ्यपणे थांबले, क्लच दाबला आणि इंजिन पुन्हा किंचाळलं. म्हातारी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"घाई आहे का तुला?"

"नाही हो आजी, जा तुम्ही सावकाश."

इंजिन तिच्या अंगावर खेकसतच होतं. "तोंडाने गोड बोलतोस आणि गाडीने शिव्या घालतोस," असं म्हणून तिने बॉनेटवर पिशवी आपटली आणि मुद्दाम आणखी सावकाश गेली.

पुढे सिग्नल लागला. शेजारी एक भरघोस मिशांचा मोटरसायकलवाला येऊन थांबला. त्याने साहेबांच्या इंजिनाचा आवाज ऐकला, मागची टर्बो अक्षरं वाचली, चष्म्यातल्या साहेबांना खालीवर न्याहाळलं आणि स्वतःचीही मोटरसायकल घुमवली. साहेब ओशाळून हसले. त्याने ते आव्हान समजून मान डोलावली.

सिग्नल हिरवा झाला. घाबरून साहेबांचा पाय क्लचवरून निसटला आणि गाडी जी सुटली, ती मिशांना मागे टाकून थेट पेट्रोलपंपापर्यंत. टर्बोने पहिल्यांदाच खरं प्रेशर भरलं. रबरी पाइपाला आतून धक्का बसला, आणि गुळगुळीत टेपवरून तो लोण्यावरून सरकावा तसा सरकला. बॉनेटखाली धडाम असा आवाज झाला, गाडी दोन आचके देऊन थांबली आणि पंपावरचे दोघेजण स्फोट झाला समजून जमिनीवर आडवे झाले.

मिशीवाला मागून आला. "काका, स्टार्ट जबरदस्त होता," तो मनापासून म्हणाला आणि घरापर्यंत गाडी ढकलायला लागला.

रविवारी दुपारपर्यंत साहेब बॉनेटमध्ये वाकून होते. पाइप त्यांनी पुन्हा बसवला, वर टेपचे वीस वेढे दिले, तो पुन्हा निघाला. बायको दोनदा म्हणाली, "माझ्या भावाला बोलवा." साहेब दोनदा म्हणाले, "त्याला काय कळतंय?" पोरगी मात्र पायरीवर बसून होती, रडवेली. उद्या दहाला गाडी नसेल तर नोकरी गेली, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शेवटी ती उठली. "तो फोटो दाखवा बघू." फोटो बराच वेळ बघून तिने विचारलं, "बाबा, तुमचा खिसा कोणत्या बाजूला आहे?"

"डाव्या. सगळ्यांचाच असतो."

"आणि फोटोत?"

साहेबांनी पाहिलं. फोटोत दोन्ही पेनं उजव्या हाताला होती. त्यांनी मान वाकवून स्वतःच्या छातीकडे पाहिलं. पेनं डावीकडेच होती.

"फोटोत तुम्ही दिसताय, म्हणजे फोटो तुमच्या समोरून निघालाय. तुमचं डावं ते त्याचं उजवं. बाणाचंही तसंच."

"कागदावर तुझ्या आईची सही आहे," साहेब म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

पोरीने बाही वर केली, सांदीत हात घातला आणि न बघता व्हॉल्व्ह सोडवून उलटा केला. प्लग आता सहज पोचला. टेप सोलून काढली, पाइप कोरडे पुसून बसवले आणि क्लिपा आवळल्या.

"न बघता कसं जमतं तुला?"

"गाईच्या पोटात हात घालायचा असतो, तेव्हा काय दिसतं?"

किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं आणि चालूच राहिलं, इतकं हळू की बायकोला वाटलं बंद पडलं. साहेबांनी घसा साफ केला. "मी हेच सुचवणार होतो," ते म्हणाले.

सोमवारी दहाला तिघं टेस्टच्या मैदानावर पोचले. बायको मागच्या सीटवर बसून होती, साहेब रेषेपाशी उभे. पोरगी थांबली, निघाली, चढावर थांबली, पुन्हा निघाली. गाडी हूं की चूं न करता तिच्यासोबत थांबली आणि तिच्यासोबत निघाली. इन्स्पेक्टर उतरला, पासाची चिठ्ठी तिच्या हातात दिली आणि चकित होऊन म्हणाला, "दोनदा नापास झालेली मुलगी हीच का? एवढी सुधारणा कशी काय?"

पोरीचे डोळे भरून आले होते. "बाबांनी खूप समजावलं," ती म्हणाली. मनाची मोठी पोर.

एवढ्यावर साहेब गप्प बसते तर गळ्यात हार पडला असता. पण आपल्या हाताखालून एक व्हॉल्व्ह बदलून गेलाय, हे त्यांना पोटात ठेववेना.

"छे हो, समजावणं कसलं," ते पुढे येऊन म्हणाले. "मुलीत काही दोष नव्हताच. दोष गाडीत होता. आयडलचा व्हॉल्व्ह. तुमच्या लक्षात आलं नाही, पण आमच्या नजरेतून सुटत नाही. मला तर दुसऱ्या टेस्टच्या चार दिवस आधीच ठाऊक होतं."

बोलून झाल्यावर साहेबांनी इन्स्पेक्टरकडे कौतुकाच्या अपेक्षेने पाहिलं. इन्स्पेक्टर त्यांच्याकडे बघत नव्हता. तो पोरीकडे बघत होता.

"चार दिवस आधी," पोरगी म्हणाली.

"म्हणजे... तुझा मामा ओझरतं म्हणाला होता," साहेब म्हणाले.

पोरीने चिठ्ठीची नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली. गाडीत बसली, पट्टा लावला, आरसा सारखा केला. साहेब लगबगीने दुसऱ्या बाजूने दाराकडे गेले, तेवढ्यात मागच्या सीटवरून बायकोचा हात पुढे आला आणि दाराची खिटी खाली दाबून परत गेला. पोरीने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, इशारा दिला आणि क्लच अलगद सोडला. गाडी फाटकापाशी एकदा थांबली, बंद पडली नाही, आणि रस्त्याला लागली.

"साहेब, जरा बाजूला व्हा," मागून इन्स्पेक्टर म्हणाला. "तुम्ही रेषेवर उभे आहात."