खोली नंबर चौदामधली सातवी खुर्ची

"एक प्रश्न, तीन आठवडे, आणि खातं सुतासारखं सरळ!" असं बाईंनी सकाळी चहा पिताना जाहीर केलं, तेव्हा समोर बसलेल्या सासूबाईंचं उजवं मनगट पिकल्या टोमॅटोसारखं सुजलेलं होतं.

बाई म्हणजे आमदार. त्याआधी बावीस वर्षं त्या शाळेत विज्ञान शिकवत होत्या, त्यामुळे निवडून आल्यावरही सगळे त्यांना बाईच म्हणत. सभागृहात त्यांच्या माघारी 'प्रश्नबाई' असं नाव पडलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते त्यांना मनातून आवडायचं! इतर सदस्य भाषणं ठोकत. बाई प्रश्न विचारत. कुठल्या खात्यात किती माणसं आहेत, ती दिवसभर काय करतात, आणि करत नसतील तर का करत नाहीत? प्रश्नात फट राहिली की उत्तर त्यातून पाल सटकावी तसं सटकतं, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून त्यांचा साधासुधा प्रश्नसुद्धा 'क'पासून सुरू होऊन 'ढ'पर्यंत जाई.

त्यांचा ताजा प्रश्न भागातल्या सरकारी दवाखान्याबद्दल होता. तिथली एक्स-रेची खोली दर मंगळवारी आणि शुक्रवारी बंद असते, अशी तक्रार आली होती. बाईंनी विचारलं, गेल्या दहा वर्षांत भागातल्या प्रत्येक दवाखान्यातली प्रत्येक जागा किती दिवस रिकामी होती, का होती, त्या दिवसांत किती लोक परत गेले आणि परत जाऊन त्यांनी काय केलं? इथवर फक्त 'ग' झाला होता! पुढे बोलण्याच्या भरात त्या म्हणून गेल्या, "माझ्या घरातलं माणूससुद्धा याच दवाखान्यात जाईल!" बाकं दणादण वाजली.

आता घरातलं माणूस तयार झालं होतं. सासूबाईंनी आदल्या दिवशी जिन्याची शेवटची पायरी समजून पाऊल टाकलं, आणि ती पायरी नव्हतीच.

"अगं, कोपऱ्यावर पैसे देऊन काढतात की फोटो," सासूबाई कळवळून म्हणाल्या. "रविवारी माझा रमीचा शेवटचा डाव आहे. मला पिसता आलं नाही तर ती शेजारची पेन्शनरीण पिसणार. आणि ती पिसते तेव्हा जोकर न चुकता तिच्याच हातात जातो!"

"आई, मी सभागृहात शब्द दिलाय. आणि आज गुरुवार. गुरुवारी ती खोली माझ्या प्रश्नाच्या आधीसुद्धा उघडी असायची!"

हाताला आधार द्यायला घरात पुठ्ठा सापडेना. तेव्हा बाईंनी 'सरकारी खर्चातील काटकसर' या विषयावरचं आपलं छापील भाषण घेतलं, चौसष्ट पानांची घट्ट गुंडाळी केली आणि मनगटाखाली बांधली. 

"चला," सासूबाई म्हणाल्या, "या भाषणाचा कुणाला तरी उपयोग झाला म्हणायचा!"

दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीला कुलूप होतं. बाईंनी कुलपावरून बोट फिरवलं. धूळ साधारण तीन आठवड्यांची असावी. बाकावर खांदा धरलेला एक गवंडी, गुडघा धरलेली एक भाजीवाली आणि काहीच न धरता झोपलेले एक गृहस्थ बसले होते.

"सिस्टर, यंत्र बिघडलंय का?"

"यंत्र ठणठणीत आहे. चालवणारा नाही."

"आजारी आहे?"

"तोही ठणठणीत आहे. वर गेलाय."

"अरेरे!" सासूबाईंना भरून आलं. "वय काय होतं हो?"

"वर म्हणजे दुसऱ्या मजल्यावर, आजी! खोली नंबर चौदा. विशेष काम निघालंय म्हणे. तीन आठवडे झाले, खाली फिरकला नाही."

दुसरी कुणी असती तर तिथेच आवाज चढवला असता. बाईंना मात्र कुतूहल वाटलं. धडधाकट यंत्र, धडधाकट माणूस, दोघांमध्ये फक्त दोन मजले, आणि तरी एक्स-रे निघत नाही! हे तर शाळेतल्या प्रयोगासारखं झालं: सेल चांगला, बल्ब चांगला, मग दिवा का लागत नाही? तार कुठे तुटली ते बघायलाच हवं.

खोली नंबर चौदाच्या दारावर नवीकोरी पाटी होती. आत सहा टेबलं, सहा माणसं, आणि कागदांचे असे ढीग की माणसांची फक्त डोकी दिसत होती. त्यातलं सर्वांत टकलं डोकं उठून उभं राहिलं. ते कक्षप्रमुख.

"आलात? या, या! किती दिवस सातवं माणूस मागतोय मी! कुठल्या दवाखान्यातून पाठवलं तुम्हाला?"

बाईंनी तोंड उघडलं, आणि मिटलं. त्यांना इथे कुणी ओळखलं नव्हतं, आणि त्यात नवल नव्हतं. निवडणुकीच्या फलकावरचा त्यांचा फोटो फोटोवाल्याने इतका उजळवला होता की खुद्द सासूबाईंनी विचारलं होतं, "ही कोण बाई?" शिवाय वर्गात त्या नेहमी सांगत, पक्ष्याला बघायचं असेल तर आपण बघतोय हे त्याला कळू देऊ नये.

"इथे सही करा," कक्षप्रमुखांनी हजेरीपत्रक पुढे सरकवलं. बाईंनी केली. "आणि या आजी?"

"माझ्या सासूबाई."

"बसू देत, बसू देत. घरात म्हातारं माणूस असलं की काय होतं ते मला विचारा!"

पाच मिनिटांत बाईंच्या हातात पट्टी, लाल पेन आणि दीड हात रुंद तक्ता होता. शेजारच्या टेबलावर रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर रेघा आखत होता. "रस्ता सरळ धरायची सवय आहे ना," तो म्हणाला, "म्हणून रेघांचं काम माझ्याकडे." पलीकडे लसी टोचणारी नर्स कागदांना टाचण्या टोचत होती. औषधं देणारा बेरजा करत होता, रक्त तपासणारा बेरजा तपासत होता. खिडकीपाशी बसलेला बारीकसा, चष्मेवाला माणूस तक्ता उजेडासमोर धरून आरपार बघत होता. तो एक्स-रेवाला, हे सांगायची गरजच नव्हती.

बाईंनी एक नजर टाकली आणि त्यांना राहवेना. "अहो, जून महिन्यात एकतीस दिवस?"

"नसतात?" औषधवाला दचकला.

"आणि ही जागा उणे चार दिवस रिकामी कशी असेल? म्हणजे काय, एका खुर्चीत दोघं बसले होते?"

"बसले असतील," ड्रायव्हर म्हणाला. "आमच्याकडे खुर्च्या कमीच आहेत!"

बाई लाल पेन घेऊन तुटून पडल्या. तास कसा गेला कळलंच नाही. कक्षप्रमुख त्यांच्याकडे देवमाणसाकडे बघावं तसे बघत होते. शेवटी बाईंनी मूळ मुद्द्याला हात घातला.

"हे सगळं कशासाठी चाललंय?"

"तुम्हाला सांगितलं नाही?" नर्सने टाचणी खाली ठेवली. "एक आहे आमदारीण. तिला एकेका खुर्चीचा दहा वर्षांचा हिशेब हवाय! सोमवारी उत्तर गेलं पाहिजे."

"'क'पासून 'ढ'पर्यंत आहे प्रश्न," औषधवाला म्हणाला. "'झ' वाचताना मला चक्कर आली."

"प्रश्न हुशारीने विचारलाय पण," एक्स-रेवाला हळूच म्हणाला. "पळवाट नाही कुठे. मी आधी मंगळवारी आणि शुक्रवारी दुसऱ्या दवाखान्यात जायचो, म्हणून इथली खोली दोन दिवस बंद असायची. आता सहाही दिवस बंद. 'एक्स-रेची खोली बंद का?' या रकान्यात काय लिहू, तीन दिवस विचार करतोय. शेवटी खरं तेच लिहिलं." त्याने वाचून दाखवलं, "'खोली बंद का, याचं उत्तर लिहिण्यासाठी माणूस वर बसवल्यामुळे.'"

बाईंच्या हातातलं लाल पेन टेबलावरून घरंगळत खाली गेलं. तुटलेली तार सापडली होती, आणि तिच्या टोकाशी त्या स्वतः उभ्या होत्या!

एवढ्यात कोपऱ्यात बिस्किट खात बसलेल्या सासूबाई थंडपणे म्हणाल्या, "अहो, तीच ही. आमदारीण."

खोलीत अशी सामसूम झाली की टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. आणि नर्सच्या हातून खरंच पडली.

"मी प्रश्न मागे घेते!" बाई घाईघाईने म्हणाल्या. "आत्ता! या क्षणी!"

कक्षप्रमुखांना घाम फुटला होता, पण नियम त्यांना तोंडपाठ होते. "घ्या की, मॅडम. फक्त प्रश्न मागे घेताना त्यावर किती माणसांचे किती दिवस गेले, याचा तक्ता जोडावा लागतो. गेल्या वर्षी नवीन नियम आलाय."

"असला मूर्ख नियम कुणी..." बाई थांबल्या. नियम त्यांनीच सुचवला होता. त्याही वेळी बाकं वाजली होती.

"आणि तो तक्ता कोण करणार?" सासूबाईंनी विचारलं.

"आम्हीच, आजी. महिना लागेल."

बाईंनी सासूबाईंच्या मनगटाकडे पाहिलं. खाली बाकावर बसलेला गवंडी आठवला. मग पदार्थविज्ञानाचा अवघड प्रश्न सुटावा तसा त्यांचा चेहरा उजळला.

"या एक्स-रेवाल्यांना खाली सोडा. सगळ्यांनाच सोडा. उरलेले तक्ते मी करते."

"छे, छे! सरकारी कागदाला बाहेरच्या माणसाने हात लावायचा नाही!"

"हजेरीपत्रकावर माझी सही आहे."

कक्षप्रमुखांनी हजेरीपत्रक उघडलं, बघितलं, मिटलं. "हो की!"

एक्स-रेवाला जिन्यावरून असा सुटला की ड्रायव्हरलासुद्धा गाठता येईना. दहा मिनिटांत खोली उघडली, यंत्र घरघरलं, आणि बाकावर झोपलेले गृहस्थ खडबडून जागे झाले. त्यांना दुसऱ्याच खोलीत जायचं होतं! सासूबाईंचं हाड शाबूत निघालं. नुसतं मुरगळलं होतं. भाजीवालीचा गुडघा आणि गवंड्याचा खांदा संध्याकाळच्या आत निघाला. वर, खोली नंबर चौदामध्ये, सातव्या खुर्चीवर बसून बाई गुरुवार, शुक्रवार, शनिवार आणि रविवारसुद्धा तक्ते भरत होत्या. स्वतःच्याच प्रश्नाला शिव्या देत 'झ' त्यांनी चार वेळा वाचला. सोमवारी दुपारी 'ढ' संपला, आणि त्या पाय न वाजवता घरी निघून गेल्या.

बुधवारी सभागृहात मंत्र्यांनी उत्तर वाचलं. इतकं नेटकं उत्तर त्या सभागृहात कधी आलं नव्हतं. दुसऱ्या दवाखान्याला वेगळा माणूस दिला आणि एक्स-रेची खोली आता आठवड्यातले सहाही दिवस उघडी, हे ऐकून बाकं वाजली. बाई नम्रपणे मान खाली घालून बसल्या.

पण शेवटच्या पानावर कक्षप्रमुखांनी एक ओळ जोडली होती. माणूस प्रामाणिक होता. हजेरीपत्रकात खाडाखोड करणं त्याच्या रक्तातच नव्हतं. मंत्र्यांनी वाचलं, "कक्षातील सातव्या कर्मचारी गुरुवारी रुजू झाल्या असून सोमवार दुपारपासून विनापरवानगी गैरहजर आहेत."

समोरच्या बाजूचे एक जाडजूड सदस्य ताडकन उठले. "असल्या कामचुकार बाईवर कारवाई होणार की नाही?"

"कडक होईल!" मंत्री म्हणाले.

आणि सगळं सभागृह प्रश्नबाईंकडे वळलं. आता या उठणार, नाव विचारणार, 'क'पासून 'ढ'पर्यंत! बाईंना नेमकं तेव्हाच पर्समध्ये काहीतरी शोधायचं होतं. ते कामकाज संपेपर्यंत सापडलं नाही.

पुढच्या आठवड्यात घरी एक लांबलचक सरकारी लिफाफा आला. सासूबाई पत्ते पिसत होत्या. रविवारचा डाव त्यांनी डाव्या हाताने पिसून जिंकला होता आणि तेव्हापासून उजवा हात मुद्दाम वापरत नव्हत्या.

"काय गं, काय आहे?"

"कारणे दाखवा म्हणून नोटीस आहे." बाईंनी ती वरपासून खालपर्यंत वाचली, मग पुन्हा एकदा वाचली. 'क'पासून 'ढ'पर्यंत होती. फट कुठेही नव्हती. "तीन आठवड्यांत खुलासा मागितलाय. तक्त्यांसह."

सासूबाईंनी पिसलेली पानं टेबलावर ठेवली.

"मग एकटीला झेपणार नाही तुला," त्या म्हणाल्या. "त्या एक्स-रेवाल्याला बोलावून घेऊ का?"