भिंतीला बसणारी सून

पाचोऱ्याच्या पुष्पाबाईंना बढाई मारायला फारसं कारण लागत नसे. पण यंदा सुनेच्या बाबतीत त्यांनी तोंडाला कुलूप लावलं होतं. मुलाच्या नोकरीचे पेढे त्यांनी आधीच वाटले होते आणि नंतर नोकरी हुकली होती. तेव्हापासून काम होईपर्यंत बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आणि नेमका त्यामुळेच सगळा घोटाळा झाला.

सून दिपमाला शाळेत खेळाची शिक्षिका. मागच्या हिवाळ्यात ती हिमाचलात जाऊन बर्फावर स्कीइंग शिकून आली आणि वरच्या वर्गासाठी तिचं नाव निघालं. "येताना पाय कमावून या," असं तिथल्या शिक्षकांनी बजावलं होतं. आता पाचोऱ्यात बर्फ म्हणजे उसाच्या रसातला. पण पाय काय, घरीही कमावता येतात! शाळेतून आली की ती परसात भिंतीला पाठ लावायची, गुडघे वाकवून खुर्चीशिवाय खुर्चीत बसायची आणि मांडीवर तूरडाळीची पिशवी घ्यायची. समोर खाटेवर पुष्पाबाई मोबाइलवर वेळ लावून बसत.

"हलायचं नाही! खाली गेलीस तर पहिल्यापासून!"

सुनेचे पाय थरथरत आणि सासूची छाती अभिमानानं फुगत असे.

शेजारच्या वच्छलाबाई एकदा गच्चीवर कुरडया वाळत घालायला आल्या आणि हे पाहून जागीच थिजल्या. त्यांच्या लहानपणी शाळेत गृहपाठ न करणाऱ्यांना अशीच शिक्षा असायची.

"पुष्पाबाई, काय केलं हो तिनं?"

"काही नाही. आमचं घरचं आहे," पुष्पाबाईंनी तोडून टाकलं.

वच्छलाबाईंची बहीण साक्रीला, दिपमालाच्या माहेरच्याच गल्लीत राहत होती. दिवेलागणीच्या आत बातमी तिकडे पोचली. त्यात आखाजी जवळ आलेली. सासरी गेलेल्या लेकी या सणाला माहेरी येतात, झोके खेळतात, आमरस ओरपतात. भाऊ हितेंद्र मुऱ्हाळी म्हणून न्यायला निघणार, तोच दिपमालाचा फोन गेला, "यंदा जमाव नही. घरमा काम शे." सासूनं गप्प राहायची शपथ घातली होती, बिचारी आणखी काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी दारात क्रूझर उभी राहिली. आतून दिपमालाचे वडील नवल आबा उतरले, हितेंद्र उतरला आणि भांडणात उपयोगी पडतील असे चार भाऊबंदही उतरले. सगळे थेट परसात घुसले. दिपमाला भिंतीला बसलेली होती.

"ऊठ वं माय!" आबा गरजले.

दिपमालाला धाप लागलेली. तिनं नुसता हात वर करून 'थांबा' अशी खूण केली.

"दखा! बापले दखीसन बी पोर उठत नही. इतला धाक शे!"

"थोडंच राहिलंय, मध्ये बोलू नका," मोबाइलवरची नजर न काढता पुष्पाबाई म्हणाल्या. आता मात्र भाऊबंदांनी बाह्या सरसावल्या.

वेळ संपली. दिपमाला उठली, घाम पुसला आणि तिनं शपथ मोडून सगळं सांगितलं. आबांना ते पटेना.

"बरफवर त घसरनं ऱ्हास. त्याले पाय कसाले लागतस? मानूस आपोआप घसरस!"

पुष्पाबाईंच्या तोंडाचं कुलूप फटकन उघडलं. "आपोआप? या, बसा बरं भिंतीला!"

बापलेक बसले. हितेंद्र लगेचच घसरला. आबा तरुणपणीचे पहिलवान, ते मिशीवर ताव देत राहिले. मग मिशी थरथरली, मग गुडघे, मग सगळेच आबा, आणि ते धपकन खाली आले.

"माझी सून हे डाळ घेऊन करते!" पुष्पाबाई गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. मग इतके दिवस गिळलेलं सगळं बाहेर पडलं. बर्फाचा डोंगर, त्यावरून वाऱ्यासारखी सुटलेली सून, तिचं निघालेलं नाव.

"याहीनबाई, मी चुकनू," जमिनीवरूनच आबा म्हणाले. "पन पाय आमना घरना शेतस!"

"कमावले इथं!"

यावर बराच वाद झाला. शेवटी आबांनी लेकीला फर्मावलं, "आते आखाजीले येऊ नको. बठ भिंतले."

हे ऐकून दिपमालाचे डोळे भरून आले. "आबा, माले येवानं शे," ती हुंदका देत म्हणाली.

पुष्पाबाईंनी डाळीची पिशवी उचलून आबांच्या हातात दिली. "घेऊन जा लेकीला. पण रोज समोर बसा. दया दाखवायची नाही."

आखाजीच्या दिवशी पुष्पाबाईंचा फोन वाजला. साक्रीहून दिपमालाची आत्या, मंजुळाबाई, बोलत होती. तीही सणाला माहेरी आली होती आणि तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"याहीनबाई, तुम्हीन तरी सांगा मना भाऊले! सननं पोरले भिंतले बठाडेल शे, मांडीवर डाळ ठेयेल शे, वर वरडी ऱ्हायना!"

"मध्येच खाली गेली का?" पुष्पाबाईंनी श्वास रोखून विचारलं.

"नही वं माय, बठेलच शे!"

पुष्पाबाईंनी फोन तसाच हातात धरला आणि गच्चीकडे मान वर करून हाक दिली, "अहो वच्छलाबाई, ऐकलंत का? बसलेलीच आहे!"